वाड्यातली जुनी बंदूक ओळखताना आणि जोडताना

धाराशिव जिल्ह्यात जुना वाडा उतरवायला काढला, की बळदातून, माळवदाच्या मातीतून नाहीतर देवघरामागच्या कोनाड्यातून जुने लोखंड निघतेच. कधी अडकित्ते आणि दिवे निघतात, कधी तलवारीचे गंजलेले पाते निघते. कधी मात्र चार-साडेचार फुटांची जड नळी, वाळवीने खाल्लेला लाकडी दस्ता आणि फडक्यात बांधलेले लहानमोठे लोखंडी तुकडे हाती लागतात. ही बंदूक आहे हे सगळ्यांना कळते, पण तिचे पुढे काय करायचे हे सहसा कोणाला ठाऊक नसते. मग नळी भंगारात जाते, किंवा चिंच-लिंबाने घासून बैठकीत टांगली जाते, किंवा कोणी हौसेने ती वेल्डिंगच्या दुकानात नेऊन ‘चालू’ करून घ्यायला बघतो. भंगारात वस्तूच जाते. घासण्यात तिच्यावरचा इतिहास जातो. चालू करण्यात हात किंवा जीव जाऊ शकतो, आणि गुन्हा दाखल होतो तो वेगळाच.

या लेखाचा आग्रह एकच आहे. जुनी बंदूक जोडायची ती बघण्यासाठी आणि समजण्यासाठी, वाजवण्यासाठी नव्हे. जोडण्याआधी तिच्यावरची प्रत्येक खूण नोंदवून ठेवायची. क्रमही पक्का ठेवा: आधी सुरक्षितता, मग कायदा, मग ओळख, आणि सगळ्यात शेवटी जोडणी.

भरलेली आहे असेच धरून चाला

ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासतात. एकदा भरलेली बंदूक न उडवता रिकामी करणे त्रासाचे असते. त्यामुळे शेताच्या किंवा घराच्या राखणीसाठी भरून ठेवलेल्या कित्येक बंदुका तशाच माळ्यावर गेल्या. सोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी दारू कोरडी राहिली, तर शंभर-दीडशे वर्षांनंतरही पेट घेऊ शकते. म्हणून वस्तू कितीही गंजलेली दिसली, तरी ती भरलेलीच आहे असे समजा.

नळीचे तोंड माणसे आणि गुरे नसलेल्या दिशेला राहील अशी ती जमिनीवर ठेवा. तोंडासमोर कोणी उभे राहू नये, आत डोकावून बघू नये. बाजूला बसून एक सरळ लाकडी काठी हलकेच आत सरकवा. लोखंडी गज वापरू नका आणि जोर लावू नका. काठी थांबेल तिथे तोंडाशी पेन्सिलने खूण करा, काठी बाहेर काढा आणि तीच खूण तोंडाशी जुळवून नळीला बाहेरून समांतर धरा. काठीचे टोक नळीच्या कानापर्यंत, म्हणजे बत्ती देण्याच्या भोकापर्यंत पोचत असेल, तर नळी बहुधा रिकामी आहे. ते दोन-तीन इंच अलीकडेच थांबत असेल, तर आत काहीतरी आहे. ती माती असेल, गांधीलमाशीचे घर असेल किंवा दारू-गोळीही असेल. बाहेरून ते सांगता येत नाही, म्हणून ती दारूच समजा.

अशा वेळी नळी तापवणे, कोरणे, भोक पाडणे, आतला माल खरवडून काढणे यांतले काहीही करू नका. बंदूक तिथेच राहू द्या, घरातल्या मुलांना दूर ठेवा आणि ११२ वर किंवा पोलीस ठाण्यात कळवा. कानाशेजारच्या बोंडीवर (छोट्या पोकळ टोकावर) ठोका बसला की पेट घेणारी तांब्याची छोटी टोपी बसलेली दिसली, तर तिला बोट लावू नका. दारूचा शिंगडा सापडला तर तोही उघडू नका. शेतात किंवा गढीजवळ सापडलेल्या लोखंडी गोळ्याला एखादे भोक दिसले, तर तो आतून पोकळ आणि दारू भरलेला असू शकतो. असे गोळे घरी आणू नयेत.

कायदा काय सांगतो

भारतात बंदूक बाळगायला परवाना लागतो. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ मध्ये हे स्पष्ट आहे. ‘जुनी आहे, म्हणजे परवाना नको’ अशी समजूत गावोगाव आहे आणि ती अर्धवट आहे. याच अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये सूट आहे, पण तिला अट आहे. शस्त्र जुन्या घडणीचे, पुरातन मूल्याचे किंवा मोडके असले पाहिजे, आणि शिवाय ते दुरुस्ती करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नसले पाहिजे. चाप तुटला आहे पण बसवता येईल, अशी बंदूक या सुटीत बसत नाही. घरी हौसेने केलेली दुरुस्ती वस्तूला सुटीच्या बाहेर ढकलू शकते, ते यामुळेच. बंदुकीची दुरुस्ती किंवा बदल करण्याच्या व्यवसायालाही कलम ५ खाली परवाना लागतो. गावच्या वेल्डरकडे तो नसतो.

२०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडच्या बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली. वारशाने आलेल्या बंदुकाही या मोजणीत धरल्या जातात. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राने नियम बदलून ‘क्युरिओ’ म्हणून गणल्या जाणाऱ्या लहान शस्त्रांच्या संपादनाला आणि बाळगण्याला भारतीय नागरिकांसाठी परवान्यातून सूट दिली. ती वापरायला, अंगावर वागवायला किंवा एका जागेहून दुसरीकडे न्यायला मात्र परवाना लागतोच. आपली वस्तू या वर्गात बसते की नाही हे मालकाने मनाने ठरवू नये.

व्यवहारात असे करा. बंदूक पिशवीत घालून एसटीने कलेक्टर कचेरीत नेऊ नका. जागेवरच तिचे फोटो काढा, लांबी मोजा, कुठे आणि कशी सापडली ते लिहा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात व जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत लेखी कळवा. अर्जाची पोच जपून ठेवा. घरातल्या कोणाच्या नावावर पूर्वी परवाना असेल, तर त्याची प्रत जोडा. परवानाधारक वारल्यानंतर बंदूक तशीच घरात ठेवता येत नाही. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने रीतसर अर्ज करायचा असतो.

आणखी दोन कायदे लक्षात असू द्या. जमिनीत पुरलेली मौल्यवान वस्तू सापडली आणि तिची किंमत दहा रुपयांपेक्षा जास्त असेल, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येते, आणि ती खासगी रीतीने देशाबाहेर पाठवता येत नाही. नळदुर्ग आणि परंडा हे किल्ले संरक्षित आहेत. तिथला साधा गोळाही उचलून आणणे हा गुन्हा आहे.

या भागात कोणत्या बंदुका सापडू शकतात

एखादी वस्तू ओळखायची, तर ती इथे आली कशी हे आधी समजले पाहिजे. आपला जिल्हा तोफा-बंदुकांच्या वाटेवरच वसलेला आहे. विजापूरच्या बुरुजावर आज दिसणारी मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली, पुढे परंड्याच्या किल्ल्यात राहिली आणि १६३२ मध्ये तिथून विजापूरला नेली गेली. नळदुर्गच्या उपळ्या बुरुजावर आणि परंड्याच्या तटावर तोफा अजून आहेत. निजामशाही, आदिलशाही, मोगल, मराठे आणि आसफजाही अशा सगळ्यांच्या फौजा या मुलखातून गेल्या. त्यांच्याबरोबर आलेली सर्वांत सामान्य बंदूक म्हणजे तोड्याची, म्हणजे पेटत्या वातीने (तोड्याने) उडवायची. ती गावच्या लोहाराला घडवता आणि दुरुस्त करता येत असे. त्यामुळे युरोपात तिचा काळ संपल्यावरही दख्खनेत ती एकोणिसाव्या शतकापर्यंत वापरात राहिली.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर धाराशिव-नळदुर्गचा मुलूखही ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली दिला आणि १८६० मध्ये तो परत मिळवला. त्या काळाच्या सुरुवातीला कर्नल फिलिप मेडोज टेलर नळदुर्गाहून जिल्ह्याचा कारभार पाहत होता. कंपनीच्या आणि हैदराबाद कंटिंजंटच्या (निजामाच्या राज्यातल्या, इंग्रज अधिकाऱ्यांखालच्या) फौजेतल्या बंदुकांचा इथे संबंध येतो तो असा. निजामाच्या राज्यात अरब आणि रोहिले शिपायांचाही मोठा भरणा होता. त्यांच्या बंदुका लांब नळीच्या आणि निराळ्या घडणीच्या असत.

शेवटचा थर १९४८ चा. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरहून निघालेल्या भारतीय सैन्याच्या ७ व्या ब्रिगेडने नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल शाबूत ताब्यात घेतला, आणि हैदराबाद संस्थानावरच्या कारवाईतली पहिली लढाई नळदुर्गलाच झाली. त्या काळातली म्हणून एखादी रायफल किंवा काडतुसे सापडली, तर तिथे ‘जुनी वस्तू’ हा विचारच नको. थ्री-नॉट-थ्री रायफल आजही पूर्ण अर्थाने बंदूक आहे. ती आणि तिची काडतुसे जिथे आहेत तिथेच ठेवून पोलिसांना कळवावे.

कळ बघा, काळ कळेल

बंदुकीची जात ठरते ती दारूला आग कशी पोचते यावरून, म्हणजे आग देणाऱ्या कळीवरून. म्हणून नळीच्या मागच्या टोकाकडे आणि दस्त्याच्या मधल्या भागाकडे आधी लक्ष द्या.

तोड्याची बंदूक: नळीच्या उजव्या अंगाला कान, त्याखाली रंजक, म्हणजे आधी पेटणारी चिमूटभर दारू, ठेवायची छोटी वाटी, आणि बहुधा तिच्यावर फिरणारे झाकण. दस्त्यातल्या फटीतून वर आलेला, तोडा धरणारा लोखंडी चिमटा असतो. युरोपी बंदुकीसारखी बाहेरून स्क्रूने बसवलेली कळपट्टी इथे नसते. कळ दस्त्याच्या पोटात असते आणि दोन्ही अंगांना लोखंडी पत्रे असतात. दस्ता सडपातळ आणि सरळसोट असतो. नळी त्यावर खिळ्यांनी नव्हे, तर चामड्याच्या, पितळेच्या किंवा चांदीच्या पट्ट्यांनी, कधी तारेच्या वेढ्यांनी बांधलेली असते. काही बंदुकांना कान साफ करायची सुई साखळीने अडकवलेली असते. ती मातीत हरवते, म्हणून तिचा शोध घ्या.

चकमकीची बंदूक: घोड्याच्या, म्हणजे चाप ओढल्यावर आपटणाऱ्या भागाच्या, जबड्यात गारगोटी धरायचे दोन ओठ आणि वर स्क्रू असतो, समोर ठिणगी पाडणारा पोलादी पडदा असतो. कंपनीची भारतीय नमुन्याची मस्केट याच जातीची. तिची नळी ३९ इंचांची आणि तोंड सुमारे पाऊण इंच, म्हणजे १९ मिलिमीटर व्यासाचे असते.

टोपीची बंदूक: वाटी आणि पडदा दोन्ही नाहीत. त्यांच्या जागी टोपी बसवायची पोकळ बोंडी, आणि घोड्याचे टोक तिच्यावर बसेल असे खोलगट. ही पद्धत ब्रिटिश फौजेत १८४० च्या आसपास रुळली. आपल्याकडच्या बहुतेक ठासणीच्या शेतराखणीच्या बंदुका याच घडणीच्या, आणि त्यांतल्या पुष्कळशा देशी लोहारांच्या हातच्या आहेत. बोंडीच्या मागे जुने बुजवलेले भोक किंवा कळपट्टीवर रिकामी स्क्रूची भोके दिसली, तर ती मुळात चकमकीची असून नंतर बदललेली असण्याचा संभव मोठा. हा बदलही तिच्या इतिहासाचाच भाग आहे. तो ‘मूळपदावर’ आणायचा प्रयत्न करू नये.

एक जागा अशी आहे जिथे जाणकारही फसतात. १८५७ नंतर इंग्रजांनी देशी शिपायांच्या हातात आटे (नळीच्या आतल्या पिळदार खाचा) असलेल्या रायफली द्यायचे टाळले आणि त्यांच्यासाठी आतून गुळगुळीत नळीच्या बंदुका काढल्या. १८५८ च्या नमुन्याची ही बंदूक बाहेरून १८५३ च्या एन्फिल्ड रायफलीसारखीच दिसते, पण आत आटे नसतात आणि मागची नेम धरायची पट्टी साधी असते. अशी बंदूक हाती आली, तर आटे झिजले असे समजू नका. शिपायावरचा अविश्वास त्या नळीत कोरलेला आहे.

मागून उघडणाऱ्या, काडतूस घालायच्या बारा बोअरच्या बंदुका या सगळ्यांहून वेगळ्या. त्या शंभर वर्षांच्या असल्या तरी चालू होऊ शकतात, म्हणून त्यांना परवान्याशिवाय हात लावू नये.

खुणा आणि सन वाचताना

नळीचा मागचा भाग, कळपट्टी, दस्त्याची पितळी पट्टी आणि नळीची खालची बाजू या चार ठिकाणी खुणा असतात. खालची बाजू नळी दस्त्यातून सुटल्यावरच दिसते. नळी आपोआप सुटी असेल तरच ती बघा. खूण दिसावी म्हणून ती घासू नका. खोलीत अंधार करून टॉर्चचा उजेड पृष्ठभागाला समांतर, तिरका पाडा, आणि वेगवेगळ्या बाजूंनी फोटो घ्या. बुजलेली अक्षरेही सावलीने वर येतात.

कंपनीच्या बंदुकांवर १८०८ पर्यंत हृदयाच्या आकाराचा छाप असे, त्यानंतर मुकुट धरलेला उभा सिंह आला. बर्मिंगहॅमच्या तपासणीच्या छापात एकमेकांवर आडवे ठेवलेले राजदंड असतात. बेल्जियममधल्या लिएजच्या छापात अंडाकृती चौकटीत ई, एल, जी ही रोमन अक्षरे असतात. अशा बंदुका भारतात पुष्कळ आल्या. एखादीवर ‘टॉवर’ असे कोरलेले दिसले, तरी लगेच ती लंडनच्या शस्त्रागारातली ठरत नाही. हा शब्द नकली मालावर सर्रास ठोकला जातो.

देवनागरी अंक दिसले की ‘मराठ्यांची बंदूक’ असे म्हणायची घाई होते. नेपाळच्या लष्करी बंदुकांवरही देवनागरी अंक आणि अक्षरे असतात, आणि अशा बंदुका बाजारात फिरतात. फारसी किंवा उर्दू मजकूर असेल, तर तो फोटोवरून जाणकाराकडून वाचून घ्या. कारागिराचे नाव, मालकाचे नाव आणि सन बहुधा त्यातच असतो.

सन वाचताना आपल्या भागात विशेष काळजी हवी, कारण इथे तीन-चार कालगणना एकत्र नांदल्या. शके असेल तर त्यात ७८ मिळवा. हिजरी असेल तर आकड्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा. ९५६ हिजरी म्हणजे साधारण १५४९, तेच मलिक-ए-मैदानचे वर्ष. निजामी कागदांवर बहुधा फसली सन असतो, त्यात ५९० मिळवायचे. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. तोच आकडा हिजरी समजून वाचला तर इसवी सन १९३८ येते, आणि दहा वर्षांची चूक होते. घरातल्या जुन्या ट्रंकेत उर्दूतला परवाना, दाखला किंवा पावती असेल, तर ती बंदुकीइतकीच मोलाची आहे. वस्तू आणि कागद कधीही वेगळे करू नका.

नकली वस्तूही बाजारात बऱ्याच आहेत. चार गोष्टी पाहिल्या तर पुष्कळशा पकडता येतात: यंत्रावर कापलेले एकसारखे आटे असलेले स्क्रू, विजेच्या वेल्डिंगची रेघ, बाजारात मिळणाऱ्या पाइपची एकसारख्या जाडीची नळी, आणि सगळीकडे सारखाच पसरलेला तांबडा गंज. खरी नळी बहुधा मागे जाड आणि पुढे निमुळती असते. तिचा गंज काळपट तपकिरी आणि घट्ट असतो, आणि हात लागणाऱ्या जागी झीज दिसते.

जोडणी: सहा पायऱ्या

पुढचे सगळे नळी रिकामी असल्याची खात्री झाल्यावर, लेखी कळवून झाल्यावर आणि पोलीस किंवा शस्त्र शाखेने वस्तू घरात ठेवायला हरकत घेतली नसेल तरच.

१. माती चाळा. बंदूक जिथे निघाली तिथली माती चाळणीने चाळून घ्या. स्क्रू, पट्ट्यांचे तुकडे, साखळीची सुई, रंजकाच्या वाटीचे झाकण अशा वस्तू त्यातच असतात. पांढऱ्या कापडावर सगळे मांडून मोजपट्टीसह फोटो काढा. प्रत्येक तुकड्याला सुती दोऱ्याने क्रमांकाची चिठ्ठी बांधा. धातूवर पेनने लिहू नका, चिकटपट्टी लावू नका.

२. तुकडे एकाच बंदुकीचे आहेत का ते ठरवा. एका फडक्यात दोन-तीन बंदुकांचे भाग एकत्र असणे अगदी सामान्य आहे. २००३ मध्ये काठमांडूच्या जुन्या राजशस्त्रागारातला साठा अमेरिकेतल्या दोन व्यापाऱ्यांनी विकत घेतला. हजारो बंदुका आणि सुटे भाग जगभरच्या संग्राहकांकडे गेले, आणि कोणता भाग कोणाचा हे ठरवण्यासाठी लोक भागांवरचे अंक आणि खुणा जुळवत बसले. आपणही तेच करायचे. कानशीच्या रेघा, ठोकलेले ठिपके, अंक एकाच बंदुकीच्या भागांवर सारखे असतात. त्याहून बोलका पुरावा म्हणजे गंजाची सावली. लोखंड वर्षानुवर्षे लाकडाला टेकून राहिले, की त्याचा आकार लाकडावर काळा उमटतो. पट्टीची रुंदी आणि दस्त्यावरची सावली तंतोतंत जुळली, तर शंका उरत नाही.

३. स्क्रूंची अदलाबदल करू नका. जुन्या बंदुकीतला स्क्रू बहुधा हाताने कापलेला असतो आणि एका भोकाचा स्क्रू दुसऱ्यात बसत नाही. कागदावर बंदुकीची आकृती काढून, ज्या भोकातला स्क्रू त्या जागी टाचून ठेवा. जाम झालेला स्क्रू फिरवू नका. त्याचा माथा तुटला की पुन्हा काही करता येत नाही.

४. कोरडी मांडणी करा. दस्ता मऊ गादीवर ठेवून नळी तिच्या खाचेत अलगद बसवा. नळी सहज बसली पाहिजे. अडली तर खाचेत माती किंवा गंजाचा थर असतो, किंवा नळी त्या दस्त्याची नसते. दोन्ही वेळा लाकूड तासायचे नाही. मग बाजूचे पत्रे, पट्ट्या आणि शेवटी गज. पट्ट्या तुटल्या असतील, तर सुती फितीने सैल बांधून तेवढ्यावरच थांबा.

५. कळ जशी आहे तशी राहू द्या. घोडा, चाप आणि कमान (स्प्रिंग) यांना ताण देऊन बघू नका. जुनी पोलादी कमान अचानक तुटते आणि तिचा तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. हरवलेला कळीचा भाग नव्याने घडवून घेऊ नका. तशाने वस्तूची सच्चाई जाते आणि कायद्याचा प्रश्न उभा राहतो. प्रदर्शनासाठी रिकामी जागा भरायचीच असेल, तर लाकडाचा किंवा मेणाचा, वेगळ्या रंगाचा, केव्हाही काढता येईल असा तुकडा वापरा आणि त्याची नोंद ठेवा.

६. चिकटवू नका. एम-सील, अराल्डाइट, फेव्हिकॉल, वार्निश यांपैकी काहीही नको. दस्त्याला वाळवी असेल, तर लोखंड आणि लाकूड वेगळे करून संग्रहालयातल्या जाणकाराला विचारा. घरगुती कीटकनाशके धातूला डाग पाडतात.

मोडलेल्या मातीच्या रांजणाच्या खापऱ्या जुळवताना जसा एकही कण घासून बसवायचा नसतो, तसेच इथेही आहे. जे आपणहून बसते तेवढेच बसवायचे.

खंडेनवमी आणि बाकीचे वर्ष

तुळजाभवानीच्या मुलखात नवरात्र आणि खंडेनवमीला शस्त्रपूजा होणारच, आणि ती व्हावी. पण ओले हळद-कुंकू, पंचामृत, नारळाचे पाणी लोखंडावर राहिले, की दिवाळीपर्यंत गंजाचे ठिपके उमटतात. शस्त्राखाली पाट आणि कोरे वस्त्र ठेवा. हळद-कुंकू आणि फुले त्या वस्त्रावर वाहा. पाणी शिंपडलेच, तर त्याच दिवशी कोरड्या सुती कापडाने पुसून घ्या.

चिंच, लिंबू, राख, सँडपेपर, तारेचा ब्रश आणि दुकानातले गंज काढायचे द्रव पूर्ण वर्ज्य समजा. आपल्याकडच्या उत्तम नळ्या लोखंडाच्या पट्ट्या पिळून, ठोकून केलेल्या असत आणि त्यांवर लाटांसारखी नक्षी असते. काहींवर सोन्या-चांदीच्या तारेची कोफ्तगिरी असते. एका दुपारच्या घासण्यात दोन्ही कायमची जातात. मऊ ब्रशने धूळ काढा. लोखंडावर शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा आणि लगेच पुसा. लाकडाला तेल लावू नका. खोबरेल आणि शेंगदाणा तेल तर लोखंडालाही नको, कारण ते कालांतराने चिकट होऊन धूळ आणि ओल धरते. हाताच्या घामाने गंज चढतो, म्हणून सुती हातमोजे घाला.

आपल्याकडचा उन्हाळा कोरडा असल्याने खरी काळजी पावसाळ्याची आहे. ओल धरणाऱ्या मातीच्या भिंतीवर बंदूक टांगू नका. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, चामड्याच्या खोळीत आणि वर्तमानपत्रात ठेवू नका. धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात गुंडाळून, कोरड्या खोलीतल्या लाकडी कपाटात आडवी ठेवा, आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर एकदा उघडून बघा.

कोणाला विचारावे

तेरचे कै. रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालय सातवाहनकालीन अवशेषांसाठी प्रसिद्ध आहे. ते शासनाच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाचे असल्याने योग्य माणसापर्यंत पोचण्याची ती जिल्ह्यातली जवळची वाट आहे. तुलना करून बघायची असेल, तर हैदराबादचे सालारजंग संग्रहालय आणि पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय इथली शस्त्रदालने पाहा. आपल्या वस्तूचे फोटो घेऊन जा, वस्तू नेऊ नका. किंमत सांगणाऱ्या व्यापाऱ्याला ओळख विचारू नका, आणि ओळख सांगणाऱ्या अभ्यासकाला किंमत विचारू नका.

शेवटी एक विनंती. बंदूक ओळखली, जोडली, सांभाळली, तरी तिची गोष्ट लिहून ठेवली नाही तर पुढच्या पिढीला ती लोखंडाची नळीच दिसेल. एका वहीत लिहा: कुठे सापडली, कोणाची होती असे वडीलधारे सांगतात, कोणत्या खुणा आहेत, कोणते भाग मूळचे आणि कोणते नाहीत, कायदेशीर पत्रव्यवहार कोणता. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच लिहा. सांभाळणे जमणार नसेल, तर ती वहीसकट शासकीय संग्रहालयाला देऊन टाका. भंगारात किलोने गेलेल्या नळीचे थोडेसे रुपये महिनाभरात खर्चून जातात, आणि आपल्या गावाच्या इतिहासाचा एक पुरावा कायमचा हातचा जातो. तो जाऊ देऊ नका.